पेव्हर आणि सिमेंट ब्लॉक कापायला कोणते यंत्र घ्यावे : औशाच्या एका कामावर वापरलेल्या चार साधनांचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका धान्याच्या गोदामाच्या आवारात पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे सिमेंट ब्लॉक, बसवण्याचे काम मी घेतले होते. ट्रक वळतात त्या भागात ८० मिमी जाडीचे आय आकाराचे पेव्हर, कार्यालयाकडे जाणाऱ्या पायवाटेला ६० मिमीचे झिगझॅग पेव्हर आणि मागच्या हद्दीला ६ इंची भरीव सिमेंट ब्लॉकची भिंत, अशी तिन्ही प्रकारची कामे तिथे एकत्र आली. कडेने उभ्या बसवलेल्या कर्बची कड, गटाराच्या चेंबरची झाकणे आणि तिरके बसलेले फाटक यांच्यामुळे कापावे लागणारे ब्लॉक शेकड्यांनी निघाले. चार इंची मार्बल कटर, नऊ इंची ग्राइंडर, पेट्रोलवर चालणारे चौदा इंची कट-ऑफ मशीन आणि हाताने दाब देऊन ब्लॉक फोडायचा स्प्लिटर, ही चारही साधने त्या एकाच कामावर मी वापरली. त्यामुळे त्यांची तुलना एकाच मालावर, एकाच मिस्त्रीच्या हातून झाली, आणि ती इथे सविस्तर मांडावी असे वाटते.

दुकानात यंत्र घ्यायला गेलेला माणूस सहसा वॅट विचारतो किंवा किंमत विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न कापण्याच्या खोलीचा असायला हवा. चकतीचा व्यास जेवढा असतो त्याच्या निम्म्यानेसुद्धा ती आत जात नाही, कारण चकती घट्ट पकडणारी मधली फ्लँज आणि यंत्राचे अंग ब्लॉकला आधीच टेकते. ११० मिमीची, म्हणजे आपण जिला चार इंची म्हणतो ती चकती मार्बल कटरवर साधारण ३० ते ३५ मिमी खोल जाते. चौदा इंची, म्हणजे ३५० मिमीची चकती कट-ऑफ मशीनवर सुमारे १२५ मिमी खोल जाते. २००६ च्या आयएस १५६५८ या मानकात हलक्या वाहतुकीसाठी ६० मिमी जाडीचा एम-३५ आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मिमी जाडीचा एम-४० दर्जाचा (हा आकडा मजबुतीचा) पेव्हर सांगितला होता, आणि आपल्याकडच्या कारखान्यांत हीच दोन मापे सर्वांत जास्त निघतात. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की निम्मी निवड तिथेच होते.

मार्बल कटर आमच्याकडे आधीपासून होता. फरशी, ग्रॅनाइट आणि टाइल्स कापण्यासाठी ते अतिशय चांगले यंत्र आहे. वजनाला हलके आहे, एका हातात बसते आणि खाली सपाट पत्रा असल्यामुळे रेषा वाकडी जात नाही. ६० मिमीचा पेव्हर त्याच्यावर कापता येतो, परंतु वरून ३० आणि उलटा करून खालून ३० असे दोनदा कापावे लागते. यात खरी अडचण रेषा जुळवण्याची असते. वरच्या बाजूला गुण्या लावून रेषा मारली, तीच रेषा दोन्ही कडांवरून उतरवून खालच्या बाजूला नेली, तरीही दोन्ही काप एकमेकांना भेटताना दीड-दोन मिमीची पायरी राहते, आणि ती पायरी हातोडीने झाडायला गेले की कोपऱ्याचा टवका उडतो. चकती नवी असताना जी खोली मिळते ती सेगमेंट, म्हणजे चकतीच्या कडेचे कापणारे तुकडे, झिजल्यावर चार-पाच मिमीने कमी होते, म्हणजे कामाच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काप एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. ८० मिमीच्या पेव्हरमध्ये तर पहिल्यापासूनच मधे १० ते २० मिमीचा गाभा न कापलेला राहतो आणि तो छन्नीने तोडावा लागतो. दहा-बारा ब्लॉक कापायचे असतील तर हे चालून जाते. शंभर ब्लॉक कापायचे असतील तर मनुष्याचा दिवस आणि यंत्राचे आर्मेचर (मोटारीतला फिरणारा भाग) दोन्ही जातात. खेड्यावर लांबून वायर ओढून आणलेली असते, दुपारी व्होल्टेज पडते, मिस्त्री यंत्र दाबून धरतो आणि मोटार तापून वास येऊ लागतो. औशाला तिसऱ्या दिवशी आमच्या कटरचे नेमके असेच झाले.

आर्मेचर जळाल्यावर जे घडले ते सांगणे मला आवश्यक वाटते. मी लातूरला सामान आणायला गेलो असताना एका मुलाने चार इंची ग्राइंडरचे गार्ड, म्हणजे चकतीवरचे संरक्षक झाकण, काढून त्यावर सात इंची चकती चढवली होती. तिचे भोक मोठे, त्यामुळे बाइंडिंग तारेचे वेढे घालून ते भरले होते. खोली वाढते हे त्याचे गणित बरोबर होते. परंतु चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि सात इंची, म्हणजे १८० मिमीच्या चकतीवर सहसा ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. त्या वेगाला चकतीची कड सेकंदाला ८० मीटर धावते; चार इंची यंत्रावर तीच कड १०० मीटरच्या वर जाते. दुसऱ्याच ब्लॉकमध्ये चकती अडकली, यंत्र उसळले आणि एक सेगमेंट सुटून त्याच्या नडगीला लागला. चार टाके पडले. तोच तुकडा दोन फूट वर लागला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. गार्ड काढलेले यंत्र तेव्हापासून मी साइटवर ठेवू देत नाही, आणि चकतीवर छापलेल्या फेऱ्यांचा आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ती चकती मी मिस्त्रीच्या हातातून काढून घेतो.

नऊ इंची, म्हणजे २३० मिमी चकतीचा मोठा ग्राइंडर हा मधला मार्ग आहे. मिनिटाला साडेसहा हजारांच्या आसपास फेऱ्या आणि साठ-पासष्ट मिमी खोली मिळत असल्यामुळे ६० मिमीचा पेव्हर त्याच्यावर एका कापात निघतो. मात्र त्याच्याबरोबर पाण्याची सोय येत नाही आणि बाहेरून पाणी मारणे विजेच्या यंत्रावर धोक्याचे आहे. शिवाय पाच-सहा किलोचे ते यंत्र वाकून, हातात तोलून चालवताना सरळ रेषा ठेवणे कठीण जाते. ज्याच्याकडे ते आधीच आहे त्याने दारे-खिडक्यांच्या कामाला ते जरूर वापरावे. केवळ पेव्हरसाठी नवे घेण्याची शिफारस मी करणार नाही.

चौथ्या दिवशी लातूरच्या एका भाड्याच्या दुकानातून चौदा इंची पेट्रोल मशीन आणले. या वर्गातील यंत्रे कशी असतात याची कल्पना यावी म्हणून एका प्रसिद्ध यंत्राचे आकडे देतो : स्टिल कंपनीच्या टीएस ४२० या यंत्रात ६६.७ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते, ३५० मिमीची चकती बसते आणि १२५ मिमी खोल काप जातो. पेट्रोल न भरता त्याचे वजन साडेनऊ किलोच्या पुढे भरते. मोठे यंत्र म्हणून प्रथम मिस्त्री बिचकला, परंतु पहिला ८० मिमीचा पेव्हर अवघ्या वीस सेकंदांत आरपार कापला गेला आणि कापलेली बाजू हाताला पॉलिश केल्यासारखी लागली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला. ६ इंची भिंतीचा ब्लॉकही दोन्हीकडून मिळून सहज निघतो, कारण १२५ मिमी वरून गेल्यावर खाली फक्त एक इंच उरतो.

पहिल्या तासाभरात मात्र ते यंत्र कोरडे चालवण्याची चूक आम्ही केली. पांढऱ्या धुळीचा लोट गोदामाच्या पत्र्यापर्यंत चढला, समोरच्या टपरीवाल्याने चहाचे भांडे झाकून ठेवले आणि मिस्त्रीच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या सगळ्या एकाच राखी रंगाच्या झाल्या. तोंडाला बांधलेला गमछा त्याने सोडला तेव्हा आतल्या बाजूलाही धूळ होतीच. ही धूळ साधी नसते. काँक्रीटमधील वाळूत सिलिका असते, चकतीने तिचे इतके बारीक कण होतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि असे कण फुफ्फुसात खोलवर जाऊन कायमचे बसतात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या आजाराने फुफ्फुसाचे झालेले नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेत कामगाराच्या श्वासातील हवेत आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही कायदेशीर मर्यादा आहे, आणि आपल्याकडे सिलिकोसिस हा कायद्याने कारखान्यांनी कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. आपले मिस्त्री आणि बिगारी कारखान्यात नसतात, उघड्यावर असतात, त्यामुळे त्यांची नोंद सहसा कुठेच होत नाही. म्हणूनच यंत्र निवडताना धुळीचा विचार करण्याची जबाबदारी काम घेणाऱ्यावर येते, असे मी मनापासून मानतो.

चांगल्या कट-ऑफ मशीनच्या गार्डवर दोन्ही बाजूंना पाण्याच्या बारीक नोझल असतात आणि एक नळी जोडायची सोय असते. आमच्या यंत्राला ती होती. अडचण होती पाण्याच्या दाबाची. साइटवर नळ नव्हता, टँकरचे पाणी बॅरलमध्ये होते. तेव्हा आमच्या मिस्त्रीनेच तोडगा काढला. ''मालक, फवारणीचा पंप आणू का घरून? तेवढा दाब बास होतो बघा,'' असे म्हणून तो सोयाबीनवर फवारणी करायचा १६ लिटरचा बॅटरी पंप घेऊन आला. तो आधी तीन वेळा धुऊन घेतला, लान्स, म्हणजे पुढची फवारणीची दांडी, काढून नळी यंत्राला जोडली आणि पंप पाठीवर न घेता पालथ्या घमेल्यावर ठेवला. मिनिटाला साधारण अर्धा लिटर पाणी चकतीवर पडत राहिले तर धुळीचा बहुतांश भाग जागीच बसतो. या हिशेबाने एक पंप सलग अर्धा तास कापण्याला पुरतो. दिवसभरात यंत्र प्रत्यक्ष ब्लॉकमध्ये दोन तासांच्या वर कधी चालत नाही, म्हणजे चार पंप, म्हणजे साठ-पासष्ट लिटर पाणी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरमध्ये मी राहतो. पाणी वाया घालवायचे नाही हा संस्कार आमच्या अंगात भिनलेला आहे, आणि तरीही एवढे पाणी या कामाला द्यावेच असे मी म्हणतो. फरक तिथल्या तिथे दिसला. धुळीच्या जागी राखी चिखलाचा ओघळ ब्लॉकखाली उतरू लागला आणि टपरीवाल्याने भांड्यावरचे झाकण काढले.

ओल्या कापण्याचे दोन त्रास आहेत. एक म्हणजे तो चिखल बसवलेल्या पेव्हरवर वाळला तर पांढरा डाग सहजी जात नाही, म्हणून कापण्याची जागा बसवलेल्या भागापासून दूर ठेवावी आणि कापलेला ब्लॉक लगेच बादलीत बुडवून घ्यावा. दुसरा म्हणजे पेन्सिलीची किंवा खडूची रेषा पाण्याने धुऊन जाते. त्यासाठी आम्ही गुण्या लावून खिळ्याने ओरखडा काढतो, तो ओल्या ब्लॉकवर अधिकच स्पष्ट दिसतो. सिमेंटचे पाणी हातापायांच्या कातडीला चरते, तेव्हा गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. पाणी असले तरी मास्क सोडू नये. कापडाचा रुमाल या कणांना अडवत नाही. एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क लागतो. मे महिन्यात दुपारी मास्क लावून काम करणे कोणालाही सहन होत नाही, म्हणून कापण्याचे सगळे काम आम्ही सकाळी सहा ते दहा या वेळेत उरकून घेत होतो आणि दुपारी फक्त बसवणी चालत होती.

आता चकतीविषयी, कारण चांगल्या यंत्रावर चुकीची चकती लावली तर सगळे पैसे पाण्यात जातात. लोखंड कापायची पातळ चकती काँक्रीटला मुळीच लावू नये. काँक्रीटसाठी येणारी काळी कार्बाइडची चकती स्वस्त असते, पण ती ब्लॉकबरोबर स्वतःही झिजते आणि दर काही ब्लॉकनंतर खोली कमी होत जाते. डायमंड चकतीतही प्रकार आहेत. टाइल्ससाठी अखंड कडेची चकती येते, ती पेव्हरमध्ये तापते. पेव्हर आणि ब्लॉकसाठी कडेला खाचा असलेली, सेगमेंटची चकतीच हवी. सेगमेंटमध्ये हिऱ्याचे बारीक कण धातूच्या बंधात धरलेले असतात. तो बंध हळूहळू झिजला पाहिजे, म्हणजे बोथट झालेले कण गळून नवे कण वर येतात. माल कठीण असेल तर मऊ बंधाची चकती लागते आणि माल खरखरीत असेल तर कठीण बंधाची, हा नियम ऐकायला उलटा वाटतो, पण तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपल्या मराठवाड्यातली खडी काळ्या पाषाणाची असते आणि जुना, पूर्ण पाणी मारून पिकवलेला एम-४० चा पेव्हर भलताच कठीण होतो. तर आठवड्यापूर्वी काढलेला कच्चा ब्लॉक खरखरीत असतो आणि चकती खातो. दुकानदाराला नुसते ''डायमंड ब्लेड द्या'' असे न म्हणता ''पिकलेल्या काँक्रीटसाठी'' किंवा ''ओल्या, कच्च्या ब्लॉकसाठी'' असे सांगावे.

औशाला एके दिवशी पेट्रोल मशीनची चकती चालेनाशी झाली, ठिणग्या पडू लागल्या आणि मिस्त्रीने ती संपली असे ठरवले. ती संपली नव्हती, गुळगुळीत झाली होती. बोट लावून पाहिले तर सेगमेंटची कड काचेसारखी लागत होती. अशा वेळी वाळू जास्त असलेल्या एखाद्या मऊ ब्लॉकमध्ये आठ-दहा काप मारले की बंध खरवडला जातो आणि हिऱ्याचे कण पुन्हा उघडे पडतात. तसे केल्यावर त्याच चकतीने उरलेले सगळे काम झाले. चकतीवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, हेही बसवताना पाहावे. मधल्या भोकाचे माप तर पाहावेच. चार इंची ग्राइंडरला १६ मिमी, मार्बल कटरला २० मिमी, मोठ्या ग्राइंडरला २२.२३ मिमी आणि चौदा इंचीला २० किंवा २५.४ मिमी असे वेगवेगळे भोक येते, आणि फरक भरून काढायला त्याच मापाची धातूची रिंग मिळते. तार, कागद किंवा पत्र्याची पट्टी कधीही घालू नये. कोरडे कापणे अगदी टळतच नसेल तर सेगमेंट लेसरने जोडलेली चकती घ्यावी आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी ती बाहेर काढून हवेत फिरू द्यावी.

स्प्लिटरबद्दल आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती आहे, याचे मला वाईट वाटते. दोन पोलादी पात्यांमध्ये ब्लॉक धरायचा, दांडा खाली ओढायचा, की ब्लॉक टचकन दोन होतो. वीज नाही, पेट्रोल नाही, पाणी नाही, आवाज नाही आणि धूळ जवळजवळ नाहीच. तुटलेली बाजू खडबडीत राहते आणि रेषेत दोन-चार मिमीचा फरक पडतो, परंतु जिथे कडेवर कर्बचा सिमेंट मसाला येणार असतो तिथे तो फरक झाकला जातो. सरळ तुकडे आम्ही बहुतेक सगळे स्प्लिटरवर काढले आणि पेट्रोल मशीन फक्त तिरक्या कापांसाठी, चेंबरच्या गोलाईसाठी आणि फाटकाच्या दिसणाऱ्या रेषेसाठी ठेवले. यामुळे भाड्याचे दिवस पाचावरून तीनावर आले. झिगझॅग ब्लॉक मात्र स्प्लिटरवर हवा तसा तुटत नाही. त्याच्या आतल्या कोनातून तडा भलतीकडे जातो.

हलक्या, पांढऱ्या एएसी (आत हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या) ब्लॉकला यांतले काहीच लागत नाही. त्याला कार्बाइडच्या दातांची हातकरवत पुरते, आणि त्यावर ग्राइंडर चालवणे म्हणजे विनाकारण धूळ उडवणे होय. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून बनणाऱ्या फ्लाय अॅश विटा आपल्या भागात सगळीकडे वापरल्या जातात. त्या थोड्या असतील तर मार्बल कटर चालतो.

विकत घ्यावे की भाड्याने आणावे, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. चांगल्या कंपनीचे चौदा इंची पेट्रोल मशीन नवे घ्यायचे तर जवळपास मोटारसायकलीएवढे पैसे लागतात. वर्षातून महिनाभर तरी पेव्हरचे काम असणाऱ्यानेच ते घ्यावे. घराच्या अंगणापुरते काम असेल तर स्प्लिटर आणि मशीन दोन्ही दोन दिवस भाड्याने आणणे परवडते. भाड्याने घेताना मी आता दुकानातच यंत्र सुरू करून पाहतो. गार्ड जागेवर आहे का, पाण्याच्या दोन्ही नोझलमधून धार येते का, अॅक्सिलरेटर सोडल्यावर चकती थांबते का, एअर फिल्टर कधी बदलला आणि पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचे, एवढे विचारतो. एका दुकानाने मला नोझल पूर्ण बुजलेले यंत्र दिले होते आणि अर्धा दिवस सुईने ते साफ करण्यात गेला होता.

चालवताना ब्लॉक पायाखाली दाबून धरण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती मोडली पाहिजे. आम्ही जमिनीवर दोन लाकडी फळ्या ठेवून त्यांच्यात ब्लॉक पाचरीने घट्ट करतो, आणि सुटणारा तुकडा खाली मोकळा राहील असे पाहतो, म्हणजे काप पुरा होताना चकती चिमटत नाही. चकतीच्या पुढच्या वरच्या पाव भागाने कधीही कापू नये, यंत्र तिथूनच अंगावर उसळते. संध्याकाळी पाणी बंद करून चकती काही सेकंद तशीच फिरू द्यायची, म्हणजे तिच्यावरचे पाणी उडून जाते. मग फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन मिस्त्रीच्या सायकलला बांधून द्यायचा, कारण दुसऱ्या दिवशी तो आला नाही तर काम अडते.